तापाला नाव हवे, गावही हवे

दरवर्षी १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन म्हणून पाळला जातो. तारीख दिल्लीत ठरली असली, तरी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांना ती नेमकी लागू पडते. मे महिन्याच्या मध्याला आणे पठारावर आणि लोणी-धामणीच्या पट्ट्यात पाण्याची ओढाताण टिपेला पोचलेली असते. पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. मग रांजण, पिंप, अंगणातला हौद, दोनशे लिटरची निळी बॅरल, जे हाताशी असेल ते भरून ठेवले जाते. जुन्नर तालुक्यात पाच धरणे आहेत, आंबेगावात डिंभे आहे. तरीही पश्चिमेच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात हंडा-कळशीची रांग चुकत नाही. हेच दिवस गावच्या यात्रांचे आणि लग्नसराईचे. मुंबईची, पुण्याची, चाकण-भोसरीची मंडळी गावी उतरलेली असतात. साठवलेले पाणी, माणसांनी भरलेली घरे आणि तोंडावर आलेला पाऊस, एवढे जमून आले की एडिस इजिप्ती डासाला आणखी काही लागत नाही.

एखादा रांजण रिकामा करून त्याच्या आतल्या अंगावर बॅटरीचा झोत टाकून पाहावा. पाण्याची जुनी रेघ जिथे उमटलेली असते, तिच्या किंचित वर, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे काळे ठिपके चिकटलेले दिसतात. ती या डासाची अंडी. पाणी आटले म्हणून ती मरत नाहीत. कित्येक महिने कोरडी राहतात आणि पुन्हा पाणी लागले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना रांजण नुसता उपडा करून भागत नाही, तो आतून घासावा लागतो. आशाताई घरोघरी हेच सांगत असतात आणि ते ऐकले पाहिजे.

आज मात्र आम्हाला डासापेक्षा तापाने फणफणलेल्या माणसाच्या नोंदीविषयी अधिक बोलायचे आहे. त्याला नेमके काय झाले होते, ते कुणी तपासले का, तपासले तर ते कुठल्या गावाच्या नावावर चढले, आणि त्या गावाला ते वेळेत कळले का, हे चार प्रश्न आहेत. आमच्या दोन तालुक्यांत दर पावसाळ्यात घराघरांत ताप येतो आणि त्यातल्या बहुतेक तापांना या चारांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

बिबट्याने उसाच्या कडेला शेळी मारली, तर इथे वनखात्याचा माणूस येतो, ठसे पाहतो, पंचनामा करतो. जागा, वेळ, मालक, सगळे कागदावर उतरते. त्याच नोंदींवरून पुढे पिंजरा कुठे लावायचा ते ठरते. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र असलेल्या जुन्नर तालुक्याने नोंदीचे महत्त्व अनुभवातून ओळखले आहे. मग घरातले लेकरू पाच दिवस तापाने तळमळले, त्याचे अंग लाल झाले, डोळ्यांच्या खोबणी ठणकल्या, तर त्याचा पंचनामा का होऊ नये? डॉक्टर म्हणतात ‘व्हायरल आहे’, सलाईन लागते, ताप उतरतो आणि पान उलटले जाते. तो डेंग्यू होता की चिकुनगुनिया, की आणखी काही, हे त्या घरालाही कळत नाही आणि शेजारच्या घरालाही.

नोंद नीट घेतली तर काय हाती लागते, हे आपल्याच जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्याने दाखवले आहे. जुलै २०२१. कोविडची दुसरी लाट ओसरत होती आणि आरोग्ययंत्रणेचे सारे लक्ष तिकडेच होते. बेलसर गावात महिन्याच्या सुरुवातीपासून तापाचे रुग्ण वाढू लागले. त्यांपैकी पाच जणांचे रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे गेले. तिघांना चिकुनगुनिया निघाला. इथे थांबता आले असते. गावाला ताप कशाचा आहे याचे उत्तर मिळाले होते, औषध फवारणी करून फाईल बंद करता आली असती. पण एनआयव्हीचे पथक २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत बेलसर आणि परिंचे या गावांत उतरले आणि त्याने ४१ संशयित रुग्णांचे रक्त घेतले. त्यांत २५ जण चिकुनगुनियाचे निघाले, तिघे डेंग्यूचे, आणि एका महिलेच्या नमुन्यात झिका सापडला. महाराष्ट्रात नोंदला गेलेला तो झिकाचा पहिला रुग्ण. ती महिला बरी झाली.

दोनच गावांत, एकाच महिन्यात, वरून सारख्याच दिसणाऱ्या तापात तीन वेगवेगळे विषाणू फिरत होते. तिन्ही एकाच डासाच्या जातीने पसरवलेले. डेंग्यू जिवावर बेतू शकतो. चिकुनगुनिया सहसा जीव घेत नाही, पण सांधे असे धरतो की माणसाला महिनोन्‌महिने खुरपे हातात धरवत नाही. झिका बहुतेकांना कळतही नाही; पाचांतल्या चौघांना काहीच लक्षणे नसतात. पण गरोदर बाईला तो झाला, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ब्राझीलमध्ये २०१५-१६ साली लहान डोक्याची बाळे जन्मू लागली, तेव्हा साऱ्या जगाला हे कळले. तीन आजार, तीन प्रकारची काळजी. आणि डोळ्यांनी पाहून त्यांतला फरक सांगणे अनुभवी डॉक्टरलाही अनेकदा अवघड जाते.

बेलसरनंतर जिल्हा प्रशासनाने पुणे जिल्ह्यातली ७९ गावे झिकासाठी जोखमीची ठरवली. त्याआधीच्या तीन वर्षांत ज्या गावांत सातत्याने डेंग्यू वा चिकुनगुनियाचे रुग्ण सापडले होते, ती ही गावे. निकष शास्त्रीय होता, त्यावर आक्षेप नाही. पण त्याची दुसरी बाजू सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी समजून घ्यावी. ज्या गावातून तीन वर्षांत एकही नमुना तपासायला गेलाच नाही, ते गाव अशा यादीत येणार कसे? यादीत नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. कधी कधी त्याचा अर्थ एवढाच असतो की तिथे कुणी पाहिले नाही.

आता ही नोंद होते कशी, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गैरसमज तिथेच आहेत. देशात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन पायऱ्यांची रचना आहे. उपकेंद्राचे आरोग्यसेवक आणि सेविका घरभेटीत आढळलेला ताप, पुरळ, सांधेदुखी अशा लक्षणांची नोंद करतात, तो ‘एस’ फॉर्म. डॉक्टर तपासून आपला कयास नोंदवतात, तो ‘पी’ फॉर्म. आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ‘एल’ फॉर्मवर येते. आता हे सारे संगणकावर भरले जाते, पण पायऱ्या त्याच आहेत. लक्षण, कयास, खात्री. डेंग्यूच्या बाबतीत सरकारी व्याख्येनुसार दोन ते सात दिवसांचा ताप आणि त्यासोबत डोकेदुखी, डोळ्यांमागची कळ, अंगदुखी, सांधेदुखी, पुरळ, रक्तस्राव यांतली किमान दोन लक्षणे असली की रुग्ण ‘संभाव्य’ ठरतो. खात्रीचा ठरण्यासाठी एलायझा पद्धतीची एनएस-१ किंवा आयजीएम चाचणी, अथवा विषाणूचे जनुक शोधणारी पीसीआर चाचणी लागते.

मंचर, नारायणगाव, ओतूर, घोडेगावच्या खासगी दवाखान्यांत मात्र बहुधा वापरली जाते ती कार्डाची झटपट चाचणी. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी, रक्ताचे दोन थेंब, वीस मिनिटांत रेघ. डॉक्टरला उपचार सुरू करायला ती उपयोगी पडते हे खरे. पण सरकारी नोंदीत कार्डावरची रेघ खात्री मानली जात नाही. तो रुग्ण संभाव्यच राहतो. त्याचे रक्त पुढे एलायझासाठी गेले नाही, तर तो डेंग्यूच्या अधिकृत आकड्यात कधीच येत नाही. गावात ‘पंधरा जणांना डेंग्यू झालाय’ असे लोक सांगतात आणि तालुक्याच्या अहवालात एक किंवा शून्य दिसते, तेव्हा लोकांना वाटते की आकडे दडवले जातात. काही ठिकाणी दडवलेही जात असतील. पण बहुतेक वेळा दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. लोक कार्ड मोजतात आणि सरकार एलायझा.

शिवाय कुठली चाचणी कितव्या दिवशी करायची, याचेही गणित आहे. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम. चौथ्या दिवशी आयजीएम केली तर डेंग्यू असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते. उलट आयजीएम ही प्रतिपिंडे शरीरात दोन-तीन महिने टिकतात, त्यामुळे आषाढातला डेंग्यू भाद्रपदातल्या साध्या तापावर शिक्का मारून जाऊ शकतो. म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर सर्वांत मोलाची ओळ असते ती ‘ताप केव्हा सुरू झाला’ ही. त्या एका तारखेविना प्रयोगशाळेचा निकाल लंगडा पडतो.

ही झाली सर्वेक्षणासाठीची वर्गवारी. दुसरी वर्गवारी रुग्णाच्या खाटेशी करायची असते आणि तिच्यावर जीव अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली डेंग्यूची जुनी विभागणी बदलली. आधी साधा डेंग्यू, रक्तस्रावी डेंग्यू, डेंग्यू शॉक असे प्रकार होते. रक्तस्राव नाही म्हणून निर्धास्त राहिलेले रुग्ण दगावत असल्याचा अनुभव जगभर आल्यावर नवी विभागणी आली. धोक्याची लक्षणे नसलेला डेंग्यू, धोक्याची लक्षणे असलेला डेंग्यू आणि गंभीर डेंग्यू. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्या-नाकातून रक्त, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थपणा, पोटात वा छातीत पाणी साठणे, यकृताला सूज येणे, आणि रक्त घट्ट होत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणे, ही धोक्याची लक्षणे.

आमच्याकडे यातले शेवटचे अर्धे वाक्य तेवढे लोकांनी उचलले आहे. ‘पेशी कमी झाल्यात’ हे शब्द कानावर पडले की घरात रडारड होते. भाऊबंद रात्रीतून पुण्याची रक्तपेढी गाठतात, कुणी पपईच्या पानांचा रस काढतो, कुणी शेळीचे दूध शोधतो. त्या धावपळीमागची माया आम्हाला कळते. पण डेंग्यूत बहुतेकांचा जीव पेशी कमी झाल्याने जात नाही. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जाते, रक्तदाब कोसळतो आणि अवयव बंद पडू लागतात, त्याने तो जातो. आणि हे घडते नेमके ताप उतरण्याच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ‘ताप गेला, आता बरं आहे’ म्हणून ज्या दिवशी मुलाला दवाखान्यातून घरी आणतात, तोच दिवस सर्वांत जपायचा असतो. आहुपे खोऱ्यातून किंवा हातवीज-दुर्गवाडीकडून रात्री रुग्ण खाली आणायचा तर वाट किती लांब आणि वाहन मिळणे किती अवघड, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून तिथल्या घरांना तर हे आधीच माहीत असायला हवे. ताप उतरला आणि पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर सकाळची वाट पाहू नये. आणि ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, मनाने घेऊ नये; त्यांनी रक्तस्राव वाढतो.

एवढे सांगून पुन्हा नोंदीकडे येतो, कारण आमची खरी तक्रार पत्त्याबद्दल आहे.

नारायणगावात हंगामात भल्या पहाटे मजुरांचा बाजार भरतो. अकोले तालुक्यातून, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून ठाकर, महादेव कोळी, कातकरी बायामाणसे कामाच्या शोधात येतात. टोमॅटो तोडायला, द्राक्षबागेत, कांद्याच्या खुरपणीला. शेतकरी जीप घेऊन येतो, मजुरी ठरते, माणसे चढतात. यांतली अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने गावाबाहेर, पालात किंवा मळ्यातल्या खोपटात राहतात. त्यांच्यातल्या एखाद्या बाईला डेंग्यू झाला आणि सुदैवाने ती सरकारी दवाखान्यात पोचली, तर केसपेपरवर गाव लिहिले जाते आधार कार्डावरचे. फवारणीचे पथक आणि आरोग्यसेवक डोंगरातल्या तिच्या वाडीवर जातात. तिथे ती दोन महिन्यांत फिरकलेलीही नसते. ज्या मळ्यातल्या पिंपात डास वाढला आणि जिथे तो तिला चावला, तिथे कुणीही जात नाही. तिच्या शेजारच्या पालातल्या लेकराला आठ दिवसांनी ताप येतो.

हेच चाकणच्या कारखान्यात आठवडाभर राहून शनिवारी मंचरला येणाऱ्या तरुणाचे, यात्रेला मुंबईहून आलेल्या भावकीचे आणि आळेफाट्यावर गाडी लावून मुक्काम करणाऱ्या चालकाचे. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. पलीकडे बोटा, घारगाव लागले की संगमनेर तालुका. झिकाने २०२४ साली महाराष्ट्रात पुन्हा डोके वर काढले, तेव्हा राज्यात १४० रुग्ण नोंदले गेले. त्यांतले १२५ पुणे जिल्ह्यातले आणि ११ आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले होते. पुणे शहरात त्याची सुरुवात एरंडवण्यात झाली. विषाणू हद्द पाहून चालत नाही. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला नगर, आणि मध्ये रोज हजारो माणसांची ये-जा असलेला आमचा महामार्ग.

डास मात्र लांब जात नाही. एडिस आपल्या जन्मस्थानापासून सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे उडत नाही. आजार गावोगाव नेतो तो माणूस. डास चावल्यापासून माणसाला ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. म्हणून ताप येण्याआधीच्या दोन आठवड्यांत रुग्ण रात्री कुठे झोपला आणि, त्याहून महत्त्वाचे, दिवसा कुठे होता, हे विचारले पाहिजे. हा डास दिवसाउजेडी चावतो. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरानंतर मळा, शाळा, अंगणवाडी, बाजार समिती, कारखान्याचे आवार इथे तो चावण्याची शक्यता घरात रात्री चावण्यापेक्षा जास्त. पण नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘प्रवासाचा इतिहास’ हा रकाना बहुधा कोराच राहतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आमची पहिली विनंती हा रकाना भरून घेण्याची आहे. पत्त्यात महसुली गावाखाली वाडीचे नाव आणि ‘सध्या मुक्काम कुठे’ ही ओळ लिहायला पैसा लागत नाही.

शोध नीट घेतला तर तो किती आधी जागे करू शकतो, याचेही उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. चिकुनगुनिया भारतात १९६३ साली कोलकात्यात आढळला, १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली आणि नंतर तो नाहीसा झाल्यासारखा वाटला. तीस वर्षे त्याचे नाव कुणी घेईना. पण २००० साली दौंड तालुक्यातल्या यवत गावात पकडलेल्या एडिस डासांतून एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी चिकुनगुनियाचा विषाणू वेगळा केला. पुढे २००५-०६ मध्ये देशभर साथ उसळली, तेव्हा जुने-नवे विषाणू ताडून पाहता असे दिसले की बार्शीच्या साथीतला विषाणू आशियाई कुळातला होता, नव्या साथीतला आफ्रिकी कुळातला, आणि यवतचा २००० सालचा विषाणूही त्याच आफ्रिकी कुळातला. म्हणजे देशाला हादरवणाऱ्या साथीच्या पाच वर्षे आधी तिच्या कुळातला विषाणू पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात डासांच्या अंगात होता. त्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यात किती लोकांना सांधे धरणारा ताप आला, तो कशाचा म्हणून खपला, याची नोंद कुठे असणार? २००६ च्या साथीत देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले आणि प्रयोगशाळेत खात्री झालेले होते जेमतेम दोन हजार. साथ उसळल्यावर प्रत्येकाचे रक्त तपासणे शक्य नसते, त्याची गरजही नसते. तपासणीचे खरे मोल साथ यायच्या आधी, पहिल्या चार-पाच तापांच्या वेळी असते.

डेंग्यूचेही असेच. २००६ ते २०१२ या वर्षांत भारतात दरवर्षी सरासरी सुमारे २० हजार रुग्ण सरकारी नोंदीत होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रत्यक्षात डॉक्टरांपर्यंत पोचलेले रुग्ण वर्षाला ५७ लाखांहून अधिक असावेत असा अंदाज मांडला. अंदाजात चूक धरली, निम्मे केले, तरी दरी किती मोठी राहते ते पाहावे. त्यानंतर नोंद सुधारली आणि २०२३ साली देशात २ लाख ८९ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४८५ मृत्यू नोंदले गेले. आणि ‘डेंग्यू हा शहराचा आजार’ असे ज्यांना अजून वाटते, त्यांच्यासाठी २०१७-१८ च्या राष्ट्रीय रक्त सर्वेक्षणाचा निष्कर्ष असा की, पाच ते पंचेचाळीस वयोगटात ग्रामीण भागातल्या शंभरांपैकी बेचाळीस जणांच्या रक्तात पूर्वी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा होत्या. डेंग्यूचे चार उपप्रकार आहेत. एक होऊन गेल्यावर दुसऱ्या उपप्रकाराचा संसर्ग झाला, तर तो गंभीर होण्याची शक्यता वाढते. आपल्या गावांतल्या अनेकांची पहिली खेप नकळत होऊन गेली आहे, असा याचा अर्थ.

म्हणून शून्य आकड्याचा अभिमान बाळगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावात डेंग्यूचा रुग्ण निघाला की पंचायतीला कमीपणा वाटतो, यात्रेवर परिणाम होईल, पाहुणे यायचे नाहीत, वर्तमानपत्रात नाव येईल अशी भीती असते. आरोग्य कर्मचाऱ्यालाही वाटते की आकडा वाढला तर वरून विचारणा होईल. वरच्यांनी ही विचारणाच बदलली पाहिजे. ‘तुमच्याकडे रुग्ण का निघाला’ याऐवजी ‘तुमच्या उपकेंद्रात तापाचे इतके रुग्ण आले, मग नमुने एवढेच का गेले’ हे विचारावे. ज्या उपकेंद्राने लवकर नमुने पाठवून तीन डेंग्यू शोधले, त्याचे काम शून्य कळवणाऱ्या उपकेंद्राहून सरस आहे. वर्तमानपत्रांनीही, आम्ही त्यात आलोच, ‘अमुक गावात डेंग्यूचे थैमान’ असे मथळे देताना हात आवरता घ्यावा. रुग्ण शोधणाऱ्या गावाला बदनामीची शिक्षा मिळू लागली, तर पुढच्या वर्षी ते गाव शोधणार नाही.

खासगी डॉक्टरांना एक आर्जव. आमच्या दोन तालुक्यांत तापाचा पहिला रुग्ण सरकारी दवाखान्याआधी तुमच्याकडे येतो. कार्ड चाचणी सकारात्मक आली की तो रुग्ण आरोग्य खात्याला कळवणे आणि शक्य तिथे एलायझासाठी नमुना देणे, हे तुमच्याकडून व्हायला हवे. एलायझा तपासणीची सोय असलेल्या शासकीय प्रयोगशाळांत रुग्णाला पैसे पडत नाहीत. नमुना दोन ते आठ अंश तापमानात, बर्फाच्या पेटीतून जावा लागतो, आणि जुन्नरहून पुणे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर आहे. तेव्हा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव, जुन्नर आणि नारायणगावची ग्रामीण रुग्णालये यांच्या आधाराने खासगी दवाखान्यांतले नमुने जून ते नोव्हेंबर या काळात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी उचलण्याची व्यवस्था जिल्हा परिषदेने करावी. त्याच गाडीतून निकालाची माहिती परत त्या डॉक्टरकडे आणि त्या गावाच्या आरोग्यसेवकाकडे पोचावी. निकाल पुण्यात पडून राहिला तर नमुना पाठवून उपयोग झाला नाही.

निकालाची वाट पाहत बसणे मात्र चालणार नाही. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते पाचव्या दिवसापर्यंत रुग्णाच्या रक्तातून विषाणू डासात जाऊ शकतो, आणि आठ ते बारा दिवसांत तो डास इतरांना आजार देऊ लागतो. माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला, पाचव्या दिवशी रक्त घेतले आणि निकाल आठवड्याने आला, तर तोवर पुढच्या फेरीचे डास तयार असतात. म्हणून संशय आला त्याच दिवशी रुग्णाच्या घराभोवतीची पन्नासेक घरे धुंडाळावीत, पाणीसाठे रिकामे करावेत, जे रिकामे करता येत नाहीत त्यांत अबेट हे अळीनाशक टाकावे किंवा गप्पी मासे सोडावेत, आणि रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवावे. कृतीला संशय पुरे. खात्री लागते ती हिशेबासाठी आणि पुढच्या वर्षाच्या तयारीसाठी. या दोन्हींची गल्लत झाली की एक तर नुसता धूर सोडला जातो, नाही तर नुसते कागद फिरतात. धुराच्या फवारणीने उडते डास काही तासांपुरते मरतात. रांजणातल्या अळीला तो धूर लागतही नाही.

मृत्यूंबद्दलही एक शब्द. तापाने कुणी दगावले की ते ‘संशयित’ म्हणून नोंदले जाते आणि तज्ज्ञांची समिती कागद तपासून कारण ठरवते. हे योग्यच आहे. पण त्या समितीचा निष्कर्ष त्या घराला साध्या मराठीत सांगितला जावा. आपले माणूस कशाने गेले, हे कळण्याचा अधिकार त्या घराला आहे, आणि त्याच्या भोवतीच्या घरांनाही त्यातून सावध होता येते.

ग्रामपंचायतींकडे गाव पातळीवरची आरोग्य व पोषण समिती आहे, तिला निधी आहे. या समितीने जूनपासून दर आठवड्याला, कुणाचेही नाव न लिहिता, प्रत्येक वाडीत तापाचे किती रुग्ण, किती नमुने पाठवले आणि काय निघाले, एवढे पंचायतीच्या फळ्यावर लिहावे. गरोदर महिलांची यादी आशाताईंकडे असतेच. त्यांच्या घरचे पाणीसाठे आधी तपासावेत आणि त्यांना ताप-पुरळ आले तर झिकाची तपासणी व्हावी, असा आग्रह घरच्यांनी धरावा. मळ्यात मजूर उतरवणाऱ्या शेतकऱ्यांनी त्यांच्या पालाशेजारची पिंपे झाकून द्यावीत आणि कुणाला ताप आला तर त्याची मजुरी न कापता त्याला दवाखान्यात पाठवावे.

आणि ज्याच्या घरात या पावसाळ्यात ताप येईल, त्याने एवढे करावे. ताप आला ती तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवावी, तिसऱ्या दिवशीही ताप हटला नाही तर रक्त द्यायला नाही म्हणू नये, आणि केसपेपरवर आपले गाव, आपली वाडी आणि गेल्या पंधरा दिवसांत आपण कुठे होतो, हे स्वतः सांगून लिहून घ्यावे.